मंगळावर पाठवलेली रिकामी वाटी

कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की मी सरळ सांगतो, "भांडी घासते." समोरचा माणूस ओशाळतो, आरशात दुसरीकडेच बघायला लागतो. मग मी त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सारखं करत हळूच म्हणतो, "मंगळावर जाणारी." यावर तो कसा बघतो, त्यावरून मला गिऱ्हाईक कळतं. काही जण हसतात. काही जणांना वाटतं, मी चेष्टा करतोय. एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले, "हात सांभाळायला सांगा हो त्यांना." त्या दिवशी त्यांचे पैसे मी घेतले नाहीत.

माझं सलून आहे. घर वर, दुकान खाली. तीन खुर्च्या, लांबलचक आरसा, आरशाखाली फळी आणि फळीवर जगातले सगळे वास. पावडरी, फेस, क्रीम, केस बसवायचं मेण, दाढीनंतरचं झोंबणारं पाणी. माझं पोट वासावर चालतं, आणि बायको मिळाली ती अशी, की जिच्या नोकरीत वास हा गुन्हा! आमची जोडी ज्यानं कुणी जुळवली त्यानं त्या दिवशी चष्मा लावला नव्हता बहुतेक.

घरात शिरायचे नियम ऐका. दुकानातले कपडे जिन्याखाली काढायचे. तिथेच बिनवासाच्या साबणानं अंघोळ करायची. केसही धुवायचे, नुसतं अंगावर पाणी ओतून चालणार नाही. मग वर यायचं. हिच्या केसांना लग्न झाल्यापासून तेलाचा थेंब नाही, अंगाला पावडर नाही, ओठाला काही नाही. नातेवाइकांच्या लग्नात बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, "सलूनवाल्याची बायको ना हो ही? मग केस असे झाडूसारखे का?" मी तरी काय सांगणार? हात टेकले होते मी.

माझी आई तर पहिली काही वर्षं नुसती धुमसत होती. आईनं घासून पालथं घातलेलं पातेलं ही उचलायची, नळाखाली धरायची आणि उजेडाकडे तिरपं करून बघायची. भांडं खरोखर स्वच्छ असलं, की त्याच्यावरून पाणी सलग उतरतं, पातळ पडद्यासारखं. कुठे तेलकट बोट लागलेलं असलं, तर तिथे पाणी फुटतं आणि थेंब धरतं. हिच्या डोळ्याला ते थेंब लांबून दिसतात.

"माझ्या हातची भांडी खरकटी वाटतात का गं तुला?" आई फणकारायची.

"नाही हो आई, सवय आहे."

"सवय म्हणे! माझ्या आईनं कधी माझं भांडं तपासलं नाही."

हिच्या स्वतःच्या आईनं जन्मभर एका इस्पितळात कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुतल्या आणि उकळल्या. "धुतलेलं दिसणं वेगळं आणि धुतलेलं असणं वेगळं," एवढं एकच त्या माउलीनं लेकीला शिकवलं. ही कॉलेजात परीक्षानळ्या धुवायला लागली, तिथून एका औषधाच्या कारखान्यात गेली आणि तिथून या प्रयोगशाळेत आली, जिथे मंगळावर उतरणाऱ्या यानाची यंत्रं तयार होतात. पहिल्या दिवशी घरी आली ती खुर्चीत बसूनच राहिली. म्हटलं, "झालं काय?" म्हणाली, "अहो, तिथे धुतलेलं धुवायचं, आणि मग धुतल्याची खूणसुद्धा धुवायची."

हे प्रकरण काय आहे ते समजायला मला वेळ लागला. तुम्हाला थोडक्यात सांगतो. यानाच्या पोटात एक यंत्र आहे, त्यात छोट्या छोट्या वाट्यांची रांग. वाटी म्हणायची पद्धत. खरं तर शिंपी बोटात घालतो त्या अंगुस्तानाएवढं भांडं. यान मंगळावर उतरलं, की त्याचा लोखंडी हात माती उकरणार आणि चिमूटभर वाटीत टाकणार. झाकण बसणार, वाटी तापणार. माती भाजली, की तिच्यातून वायू सुटणार, आणि ते केसासारख्या बारीक, वेटोळं घातलेल्या नळीतून बाहेर पडणार. हलके आधी, जड मागून. जो तो आपापल्या वेळेला. नळीच्या तोंडाशी बसलेलं यंत्र त्यांची दखल घेतं आणि इकडे आपल्याकडे पडद्यावर एक रेघ उमटते. काही नसलं तर रेघ सपाट. काही आलं, की रेघेला उंचवटा. कुठला उंचवटा कुठे आला, यावरून मातीत काय आहे ते कळतं. एक वाटी एकदाच वापरायची. भाजली, की तिचं काम संपलं.

आणि हे यंत्र एवढं नाकाचं तिखट, की वाटीला कुणाचं बोट लागलं असेल, तर मातीऐवजी ते बोटच वाचत बसेल. म्हणून आमची ही. ती त्या वाट्या एका उग्र द्रावानं धुवायची आणि मग तो द्रावही राहू नये म्हणून हवा काढून घेतलेल्या भट्टीत तापवायची. पुन्हा पुन्हा.

एकदा घरच्यांना आत बोलावलं होतं. काचेपलीकडे सगळेच पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे उघडे. मी आपला वेड्यासारखा शोधतोय, यातली आपली कुठली! मग एकीनं चिमट्यात काहीतरी धरलं आणि उजेडाकडे तिरपं केलं. अरेच्चा, ही तर आमची! आई शेजारी उभी होती. तिनं ते बघितलं, आणि त्या दिवसापासून घरातल्या पातेल्यांवरून एकदाही भांडण झालं नाही. उलट आई स्वतःच पातेलं नळाखाली धरून हाक मारायला लागली, "बघ गं, उतरलं का सलग?"

यान गेलं. महिनोन् महिने प्रवास करून पोचलं, उतरलं. आणि एका सकाळी पहिल्या मातीचं चित्र आलं. दुकानातल्या टीव्हीवर दाखवत होते. तिन्ही खुर्च्या भरलेल्या. लोखंडी हाताच्या खोऱ्यात मूठभर माती, विटेच्या भुकटीसारखी, थोडी ढेकळं, थोडी पूड. बास, एवढंच. पण काय सांगू तुम्हाला! कुणीही कधीही न पाहिलेली माती. माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या आधीपासून ती तिथे पडून होती. तिच्यावर कुणाचं पाऊल नाही, तिच्यात कुणी काही पेरलं नाही, कुणी कुणाला पुरलं नाही. आणि ती आता माझ्या बायकोनं धुतलेल्या वाटीत पडणार होती. मी वस्तरा बाजूला ठेवला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानंही 'आटपा लवकर' म्हटलं नाही, तोही अर्ध्या गालावर फेस घेऊन बघत राहिला.

संध्याकाळी ही आली. जिन्यातच थांबली आणि म्हणाली, "पडली." आईनं विचारलं, "कोण पडली गं?" हिला हसूही येईना आणि रडूही आवरेना. "माती, आई. वाटीत माती पडली."

त्यानंतरच्या आठवड्यात दाढीवाले आले. हे त्या यंत्राचे प्रमुख. मोठे शास्त्रज्ञ, पण माणूस साधा. छातीपर्यंत दाढी. प्रयोगशाळेत त्यांना दाढीवरही जाळीची पिशवी बांधावी लागते, पण दाढी सोडायची नाही हा हट्ट. माझ्याकडे दाढी नुसती सारखी करून घ्यायला यायचे. त्या दिवशी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काढून टाका."

"किती?"

"सगळी."

मी चाटच पडलो. "साहेब, यान तर तिकडे पोचलं. आता काढून काय उपयोग?"

"उपयोग काही नाही. राग काढतोय."

मी मोठी कात्री चालवली, मग फेस लावला, वस्तरा घेतला. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस खरं बोलतो. का ते मला माहीत नाही, पण बोलतो. गळ्यापाशी आलो तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "पहिल्या वाटीत उंचवटा आला. चांगला मोठा. पण तो मातीचा वाटत नाही. आम्ही ज्या द्रावानं वाट्या धुतो ना, त्यात क्लोरीन असतो. तसाच क्लोरीन असलेला वायू आलाय. अगदी जवळपास तोच."

माझा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे वाटीत द्राव राहिला असणार. वाळवण्यात कुठेतरी कमी पडलं."

"कोण कमी पडलं?"

त्यांनी डोळे उघडले. आरशात माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे, मग तो वस्तरा कुठे टेकलाय तिकडे. आणि घाईघाईनं म्हणाले, "भट्टी! भट्टी कमी पडली असेल. यंत्रच ते, काहीही होऊ शकतं."

मी उरलेला गळा केला. कापलं नाही कुठे, एवढं माझ्या हाताचं कौतुक करा. दाढी गेल्यावर त्यांचा चेहरा एवढासा निघाला, थकलेला, कुणाच्याही भावासारखा. मला त्यांचा राग धरता येईना, आणि सोडवतही नव्हता. नाव मात्र आमच्या घरात दाढीवालेच राहिलं.

वर गेलो. अंघोळ विसरलो. पावडरीच्या वासासकट स्वयंपाकघरात शिरलो आणि हिनं मला हाकललं नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. ती एकच पातेलं घासत होती. बहुतेक बराच वेळ तेच.

"तुला कुणी काही बोललं का?" मी विचारलं.

"नाही. सगळे फार गोड वागतायत."

"मग?"

"तेच तर. कालपर्यंत माझ्यावर खेकसणारे लोक आज मला 'चहा घेतलात का' विचारतात." तिनं पातेलं खाली ठेवलं. "अहो, त्या सगळ्या वाट्या माझ्या हातून गेल्यात. एकीत राहिलं असेल, तर सगळ्यांत असेल. मग तिथून पुढे जे जे येईल त्यावर लोक म्हणणार, हे मंगळाचं नाही, हे धुणाऱ्या बाईचं आहे. शेकडो लोकांची कितीतरी वर्षं आहेत त्यात. आणि परत धुवायला मी तिथे कशी जाऊ?"

तेवढ्यात आई आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आईला मंगळ म्हणजे काय आणि क्लोरीन म्हणजे काय, दोन्हीचा पत्ता नाही, पण तिचं डोकं असं काही तापलं की विचारू नका. "माझ्या सुनेनं धुतलेल्या भांड्यात डाग? कोण म्हणतो? आणा त्याला इथे! जन्मभर माझी भांडी परत धुतली हिनं, मला कधी डाग सापडला नाही, तो कोण लागून गेला?" आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावून बसली. हिनं उठून तिला पाणी दिलं. म्हणजे धीर द्यायचा कुणी कुणाला, तेच कळेना.

पुढच्या दिवशी आणखी एक तमाशा झाला. प्रयोगशाळेतले, हातमोजे घातलेले दोघे जण दुकानात आले. फार विनयानं म्हणाले, "तुमच्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीतलं थोडं थोडं घेऊ का? घरातून काही गेलं असेल का, तेवढी शंका मिटवायची आहे." मी म्हटलं, "घ्या, दाढी पण करून जा." त्यांनी कापसाच्या काड्यांवर माझी पावडर घेतली, क्रीम घेतलं, मेण घेतलं, एवढंच काय, कंगव्याचे दातसुद्धा पुसले. मधल्या खुर्चीतलं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काय हो, कुणाचा खून झाला का?" म्हटलं, "व्हायचाय अजून." वर हिला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "रागावू नका त्यांच्यावर. मी त्यांच्या जागी असते, तर कंगवाही घेऊन गेले असते." प्रयोगशाळेत याच यंत्राचं जुळं भावंड ठेवलेलं आहे, त्यात त्यांनी माझं सगळं दुकान भाजून पाहिलं. एकाही बाटलीचा उंचवटा जुळला नाही. मला उगीचच अभिमान वाटला. पण त्यानं हिचं काही सुटलं नाही, कारण द्रावाचा संशय होता तिथेच होता.

मग तिनं मला त्या रिकाम्या वाटीबद्दल सांगितलं. वाट्यांच्या रांगेत अगदी शेवटी एक अशी वाटी असते, जिच्यात माती टाकायचीच नाही. त्याच हातांनी, त्याच द्रावात, त्याच दिवशी धुवायची, आणि रिकामीच झाकण घालून पाठवायची. मी म्हटलं, "एवढ्या लांब रिकामी वाटी? अगं, तेवढ्या जागेत आणखी चिमूटभर माती बसली असती की!"

"दुकानदार तूप देताना आधी रिकाम्या भांड्याचं वजन करतो की नाही? तसंच. रिकामी भाजायची आणि बघायचं, आपण काय काय बरोबर नेलंय. जे आपलं आहे ते वजा करायचं. उरेल ते मंगळाचं."

"मग भाजा की! दूध का दूध..." मी म्हणता म्हणता गप्प झालो, कारण तिचा चेहरा बघितला.

एकच वाटी होती ती. चांगली, खोलवरची माती मिळाली, की तिच्या जोडीनं वापरायची म्हणून राखून ठेवलेली. आत्ता भाजली, की हातातला एकुलता एक पुरावा गेला. दाढीवाले कित्येक दिवस त्याच पेचात होते. भाजावी, तर संपते. न भाजावी, तर पुढचं सगळंच संशयात. आणि त्या वाटीत तोच उंचवटा निघाला, तर मग बोलायलाच नको.

ती सगळ्यांत शेवटी बंद केलेली वाटी होती. आणि झाकण हिनंच लावलं होतं, एकटीनं. तिथे पद्धत आहे, रिकामी वाटी बंद करताना जवळ दुसरं कुणी उभं राहत नाही. जितकी माणसं कमी तितकं बरं. "मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता," ती म्हणाली. "झाकण बसल्याचा टक् आवाज आला, मगच सोडला."

शेवटी तीच दाढीवाल्यांकडे गेली. म्हणाली, "साहेब, भाजा ती. मला असं गोड गोड वागवून घेऊन जगायचं नाही." ते म्हणाले, "मीही तिथवर आलोच होतो. फक्त तुमच्याकडे बघून धीर होत नव्हता."

घरी आल्यावर मी विचारलं, "खात्री आहे ना तुझी?"

माझ्याकडे तिनं असं बघितलं, जसं काही मी शाळेत पहिल्या बाकावर बसून काहीतरी गाढवासारखं विचारलंय. "खात्री असती, तर रिकामी वाटी पाठवली कशाला असती?"

वाटी भाजायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. घरच्यांना प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात बसायची परवानगी होती, तिथे भिंतीवर मोठा पडदा लावलेला. दुपारची वेळ. टेबलांवर अर्धवट प्यायलेले चहाचे कप, कुणीच उचलत नव्हतं. आईनं यायचं नाकारलं. "माझ्यानं बघवणार नाही, काय ते फोनवर सांगा," म्हणाली. ही माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर, तळवे वर करून, जसे काही ते हात तपासायला ठेवलेत. दाढीवाले पडद्याजवळ उभे, हनुवटीवरून हात फिरवत. दाढी नव्हती, पण हाताला ते अजून माहीत नव्हतं.

वाटी तिकडे कधीच भाजून झाली होती. तिथून निरोप इथवर पोचायला वेळ लागतो. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि ते अवकाशातून आमच्याकडे येत होतं. कुणी काही केलं तरी आता बदलणार नव्हतं.

पडद्यावर रेघ सुरू झाली. डावीकडून उजवीकडे, मुंगी चालावी तशी. सपाट. दाढीवाल्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "द्राव असला, तर इथे येईल." रेघ त्या बोटाकडे सरकत गेली. मी हिचा हात धरला, बर्फासारखा गार. रेघ बोटाखाली शिरली, पलीकडून निघाली. सपाट! केसभरही हलली नाही!

माझा जीव भांड्यात पडला. मी ओरडलोच, "नाही! द्राव नाही! बघा, काही नाही!" दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. पण दाढीवाले हसेनात. तोंडात मारल्यासारखे उभे. ही पण हसेना.

"काय झालं?" मी विचारलं. "सपाट आली ना? सुटलीस ना तू?"

"फारच सपाट आहे," ती पुटपुटली.

दाढीवाले आमच्याकडे वळले. माझ्याशी बोलताना ते नेहमी सोपं करून सांगतात, तसंच सांगितलं, पण आवाज पडलेला होता. "इतकी सरळ रेघ मला आवडत नाही. वाटी स्वच्छ असली, तर रेघ सपाट येते. पण नळी तुंबली असेल, यंत्राचं नाक बंद झालं असेल, तरीही रेघ सपाटच येते. दोन्हींतलं काय, ते या रेघेवरून सांगता येत नाही."

"मग?"

"मग काही नाही. वाटी गेली, आणि सिद्ध काहीच झालं नाही."

मला वाटलं, आता मात्र मी इथेच कुणाचा तरी गळा धरणार. म्हणजे घाण निघाली तरी हिचा दोष, आणि न निघाली तरी संशय तो संशयच! हा कुठला न्याय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं माझा हात एवढ्या जोरात दाबला, की नखं रुतली. ती अजून पडद्याकडेच बघत होती. उपाहारगृहात कुणाचं लक्ष नव्हतं. लोक उठायला लागले होते, खुर्च्या सरकत होत्या. रेघ आपली चालली होती, पार उजव्या टोकाकडे, जिथे सगळ्यांत जड, सगळ्यांत आळशी असं काहीतरी उशिरा बाहेर पडतं.

आणि तिथे ती उचलली गेली.

एवढीशी. पातेल्यावर पाणी फुटून थेंब धरतो ना, तेवढी. उचलली, थरथरली आणि पुन्हा खाली आली.

"साहेब," ही म्हणाली.

दाढीवाल्यांनी बघितलं. पळतच पडद्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून नाक पडद्याला लावलं. मग शेजारी संगणकावर बसलेल्या मुलीनं आकडे वाचून दाखवले, ते त्यांनी परत वाचायला लावले, पुन्हा एकदा. आणि मग तो एवढा मोठा शास्त्रज्ञ मटकन खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला.

"नाक उघडं आहे! नाक उघडं आहे हो त्याचं! एवढंसं आलं, तेही टिपलं त्यानं! मग द्राव असता, तर ओरडून सांगितलं असतं. द्राव नव्हताच. पहिल्या वाटीत जे आलं, ते मातीचंच आहे!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, जणू काही तिथे कुणी झोपलंय. "क्लोरीन धरून बसलेलं मीठ आहे त्या मातीत. तापवलं, की क्लोरीन सुटतो आणि जो कार्बन मिळेल त्याला पकडतो. तो कार्बन कुठला, ते आता हळूहळू शोधू. पण केवढ्या काळापासून ते मीठ तिथे पडून होतं, आणि आपण त्याला आपलाच धुण्याचा डाग समजत होतो."

सगळे त्या रेघेकडे बघत उभे होते, आणि मला आठवतं, एक बाई नकळत पुढे झाली आणि तिनं पडद्याला हात लावला.

सगळ्यांत आधी भानावर आली ती ही. "आणि ते शेवटचं काय होतं, साहेब? एवढंसं आलं ते?"

दाढीवाले अडखळले. मग म्हणाले, "माणसाच्या कातडीचं तेल. प्रत्येकाच्या अंगाला असतं. आपल्यापैकीच कुणाचं तरी..." आणि थांबले. कारण ती वाटी कुणी बंद केली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तिचा चेहरा पांढरा पडला. "माझं," ती म्हणाली. "म्हणजे राहिलंच. एवढं करून राहिलंच."

"अहो, बाई, तेच राहिलं म्हणून तर यंत्र जिवंत आहे हे कळलं! ते नसतं, तर आज आपण इथे डोकं धरून बसलो असतो, आणि तुमच्यावरचा संशय जन्मात फिटला नसता. आता पुढच्या प्रत्येक मातीतून आम्ही आधी एवढंसं वजा करणार. दर वेळी. मंगळाचं काहीही मोजायचं, तर आधी तुम्हाला वजा करूनच."

ती बसली. खूप वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. इतकी वर्षं या बाईनं स्वतःला पुसत आणलं होतं. वास पुसला, रंग पुसला, श्वास धरला. आणि मी माझ्या कानांनी ऐकत होतो, की एवढं सगळं पुसूनही ती उरली होती, आणि तिथे पोचली होती, जिथे आजवर कुणीच पोचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, लाज वाटली नाही. मी फोनवर आईला एवढंच सांगितलं, "आई, सुटली." पलीकडून आईचा हुंदका ऐकू आला आणि मागून, "मी म्हटलं नव्हतं?"

लोक आता मोठ्यानं बोलायला लागले होते, कुणीतरी नवा चहा मागवला. ही उठली आणि दाढीवाल्यांपाशी गेली. मी मागोमाग गेलो.

"साहेब, वाटी भाजल्यावर ते जे काही होतं... ते नळीतून गेलं. मग आता ते कुठे आहे?"

"यंत्राच्या मागच्या बाजूनं बाहेर सोडतो आपण सगळं. तिथल्या हवेत."

"तिथे वारा असतो?"

"असतो. विरळ असतो, पण वाहतो. थांबत नाही."

तिनं मान हलवली. खिडकीपाशी जाऊन ती बाहेर बघत राहिली, दुपारचं उघडं आभाळ होतं, त्यात काहीच दिसण्यासारखं नव्हतं. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "अहो, मग एव्हाना मी बरीच लांब गेले असेन."